डाव्या चाकातलं तेल

जून २०२२ चा दुसरा आठवडा होता. चिपळूणहून परत येताना कुंभार्ली घाट चढून वर आलो. आईला चहा हवा होता, म्हणून हेळवाकच्या अलीकडे एका टपरीपाशी गाडी कडेला घेतली. रस्त्याला थोडा उतार होता. हँडब्रेक ओढला, गिअर काढला, दार उघडून एक पाय खाली ठेवला आणि गाडी सरकली. वीतभरच सरकली, पण आई आत बसलेली होती. मी तशीच परत आत होऊन ब्रेक दाबला, पहिला गिअर टाकला. टपरीवाल्या दादांनी धावत येऊन मागच्या चाकाला दगड लावला. हँडब्रेकचा दांडा नेहमीपेक्षा चार-पाच खटके जास्त वर आला होता, तरी त्यात जोर नव्हता.

खाली उतरून बघितलं तर डाव्या मागच्या टायरच्या आतल्या अंगाला एक ओला, काळपट पट्टा दिसला. पावसाचं पाणी असेल म्हणून बोट लावलं. ते पाणी नव्हतं. बोटाला चिकट लागलं आणि वास असा, की तो एकदा नाकात गेला की विसरत नाही. गंधकासारखा, जुन्या कुजलेल्या लसणासारखा.

ही गाडी आप्पांची. २००६ सालची, डिझेलवर चालणारी, मागे पाटे असलेली, मागच्या चाकांवर ओढणारी. आप्पा २०१९ मध्ये गेले तेव्हा घरातल्या सगळ्यांचं मत ती विकावी असं होतं. मी पाटण तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. शाळेकडे जाणारा शेवटचा सहा किलोमीटरचा रस्ता असा आहे की तिथे हीच गाडी टिकते. म्हणून मी ती ठेवली आणि आप्पा ठेवायचे तशीच ठेवायची असं ठरवलं. दर मे महिन्यात ते गाडीचं पोट धुऊन घ्यायचे. मी २०२२ च्या मे महिन्यात त्याच्या पुढे एक पाऊल गेले. गंज चढू नये म्हणून खालून सगळीकडे काळ्या डांबरी रंगाचा फवारा मारून घेतला. ही गोष्ट मी इथेच सांगून ठेवते, पुढे ती लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी जवळच्या एका गॅरेजमध्ये गेले. तिथल्या तरुण मेकॅनिकने चाक काढलं, ब्रेकचा ड्रम काढला आणि आत तेल बघून लगेच सांगितलं, "ब्रेक ऑइल गळतंय मॅडम, सिलिंडरचं किट गेलंय." किट, म्हणजे ब्रेकच्या सिलिंडरमधली रबरं, बदललं. ओले लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, पेट्रोलने धुतले, त्यांना काडी लावून पेटवलं, वरचं तेल जळून गेलं की परत बसवले. नऊशे रुपये दिले आणि आठ दिवस सगळं ठीक होतं. नवव्या दिवशी तोच पट्टा परत आला.

तेव्हा मी घरी एक साधी गोष्ट केली, जी आधीच करायला हवी होती. चाकाच्या आतून काडीवर थोडं तेल घेतलं आणि पाण्याच्या वाटीत सोडलं. ब्रेक ऑइल, म्हणजे आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं डॉट ३ किंवा डॉट ४, पाण्यात विरघळतं. थेंब टाकला, जरा हलवलं की दिसेनासं होतं. माझ्या वाटीतला थेंब वरच तरंगत राहिला, पसरला, कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग आले. म्हणजे ते ब्रेकचं तेल नव्हतं, गिअर ऑइल होतं. गंधकाच्या वासाचाही खुलासा झाला. मागच्या एक्सलच्या तेलात, गिअरच्या दातांवर प्रचंड दाब येतो तेव्हा धातूला धातू घासू नये म्हणून, गंधकाची संयुगं घातलेली असतात, त्यांचा तो वास. ब्रेक ऑइलला असा वास कधीच येत नाही. शिवाय ब्रेक ऑइल गळत असतं तर बॉनेटखालच्या डबीतली पातळी उतरली असती. ती एक रेघही हलली नव्हती.

आता हे गिअर ऑइल ड्रममध्ये येतं कुठून, ते सांगते. मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी आडवा पाइप आणि मध्ये भोपळ्यासारखा फुगवटा दिसतो, त्याला आपल्याकडे हौसिंग म्हणतात. फुगवट्यात क्राऊन आणि पिनियन ही दोन दातेरी चाकं तेलात बुडून फिरतात. तिथून दोन बाजूंना दोन दांडे, म्हणजे एक्सल, पाइपमधून चाकापर्यंत जातात. मधलं तेल उसळून पाइपमधून बाहेरच्या टोकाकडे येत राहतं. ते चाकात जाऊ नये म्हणून पाइपच्या तोंडाशी एक सील बसवलेलं असतं. पत्र्याची कडी, तिला आतून नायट्रिल रबराचा ओठ आणि त्या ओठाला मागून आवळून धरणारी बारीक तारेची गोल स्प्रिंग. बस्स, एवढंच. हातात घेतलं तर बांगडीएवढं. फिरत्या दांड्यावर तो ओठ टेकलेला असतो आणि ओठाखाली तेलाचा अगदी पातळ थर राहतो. तो थर राहिला नाही तर रबर जळतं, थर जाड झाला तर तेल बाहेर येतं. इतक्या नाजूक तोलावर ते काम करतं हे मला तेव्हा कळलं, आणि तेव्हापासून त्या वस्तूबद्दल मला आदर आहे.

दुसऱ्या गॅरेजमध्ये मी स्वतःच जाऊन सांगितलं की एक्सलचं सील बघा. त्यांनी बघितलं, मान्य केलं, बदललं. काम माझ्यासमोर झालं. डावी बाजू जॅकवर घेतली, एक्सल ओढून काढला, जुनं सील पेचकसाने उचकटून काढलं, नवं जागेवर धरलं आणि हातोडीने चारी बाजूंनी ठोकलं. एक्सल परत आत ढकलला. गाडी तशीच जॅकवर तिरकी असताना हौसिंगच्या भोकातून तेल भरायला घेतलं. "सांडेपर्यंत भरा, कमी पडायला नको," असं मालकांनी सांगितलं. अकराशे पन्नास रुपये झाले. जून संपत आला होता.

तीन आठवड्यांनी, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, पट्टा परत दिसला. या वेळी जास्त रुंद.

मला खरंच वाईट वाटलं. पैशापेक्षा या गोष्टीचं, की रोज सकाळी माझ्याबरोबर शाळेतल्या दोन बाई आणि कधीकधी तीन-चार मुलं या गाडीत बसत होती, आणि तिच्या एका चाकाला ब्रेक जवळजवळ नव्हता. तेल लागलेला लायनर कधी धरतच नाही आणि कधी एकदम जास्त धरतो. ओल्या रस्त्यावर एका बाजूचं चाक धरलं आणि दुसऱ्या बाजूचं नाही, तर गाडीचा मागचा भाग फिरतो. ही गळती म्हणजे अंगणात डाग पडण्यापुरती गोष्ट नाही. इंजिनचं तेल थेंबथेंब गळत असेल तर एकवेळ थोडं थांबता येईल. चाकाच्या आत गळलं तर थांबू नये.

शेवटी कराडला गेले. आप्पा ज्यांच्याकडे जायचे ते फिटर मामा आता सत्तरीला आले आहेत. हात थोडे थरथरतात, अवजड काम त्यांचा भाचा करतो. पण गाडी अंगणात शिरली तशी त्यांनी लांबूनच ओळखली. "आप्पांची गाडी न्हवं का ही?" म्हणाले. मी सगळं सांगितलं, आधीचं किट, आधीचं सील, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चाकाला हातही न लावता विचारलं, "ब्रीदर कुनी बगितला का?"

मी नाही म्हणाले. ब्रीदर म्हणजे काय हेही मला नीट माहीत नव्हतं.

मामांनी भाच्याला गाडीखाली पाठवलं. हौसिंगच्या वरच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी एक टोपी असते, तिच्यातून आतली हवा बाहेर आणि बाहेरची आत जाऊ शकते. भाच्याला ती सापडेना. काळ्या रंगाच्या थराखाली हौसिंगचा वरचा भाग सलग गुळगुळीत दिसत होता. त्याने पेचकसाने खरवडत खरवडत एक उंचवटा शोधला, त्यावरचा रंग फोडला आणि पक्कडीने टोपी हलवली. मी शेजारी उकिडवी बसले होते. पाटणहून गाडी न थांबता आली होती, हौसिंग हाताला सोसेना इतकं गरम होतं. टोपी हलली आणि सोड्याची बाटली उघडल्यावर येतो तसा बारीक फुस्स आवाज आला.

मामा वरून म्हणाले, "ऐकलं का बाई? सील आपनहून मेलं न्हाई. ह्यानं मारलं."

बंद डब्यातली हवा तापली की तिचा दाब वाढतो, हे मी किती वर्षं मुलांना शिकवते आहे. घरी येऊन मी आकडे मांडले. सकाळी हौसिंग २५ अंशांवर असेल, घाट चढून ८५ अंशांवर गेलं असेल. निरपेक्ष तापमानात ते २९८ वरून ३५८ होतं. म्हणजे आतला दाब जवळजवळ एक पंचमांशाने वाढतो. तो ओठ उसळलेलं तेल अडवायला केलेला आहे, दाबाखालचं तेल अडवायला नाही. दाब आतून ढकलत राहिला तर कितीही नवं सील घाला, तेल ओठाखालून वाट काढणारच. मे महिन्यात मी गाडीच्या काळजीपोटी जो रंग मारला त्याने ही वाट बुजली होती. रंग मारणाऱ्याने टोपीवर चिकटपट्टी लावायला हवी होती आणि मी त्याला ते सांगायला हवं होतं. दोघांनाही ती टोपी तिथे आहे हे माहीत नव्हतं.

पण मामा तिथे थांबले नाहीत, म्हणून मी त्यांना मानते. एक कारण सापडलं की माणूस सुटल्यासारखं करतो. त्यांनी पुढची तीन शोधली.

आधी तेल खाली सोडलं. ट्रेमध्ये जे पडलं ते तेलासारखं नव्हतं. दूध जास्त झालेल्या चहासारखं होतं. मामांनी विचारलं, "पान्यातनं घातली हुती का?" घातली होती. शाळेच्या अलीकडे ओढ्यावर फरशी पूल आहे. जुलैच्या सुरुवातीला त्यावरून पाणी गेलं, तेव्हा दीड तास थांबून, पाणी गुडघ्याखाली आल्यावर मी गाडी काढली होती. त्यांनी समजावलं ते असं. गरम हौसिंग थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घ्यायला बघते. ब्रीदर मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर हवा ओढते. ब्रीदर बंद असेल तर सीलच्या ओठाकडून पाणी ओढते. ओठ बाहेर जाणारं तेल अडवायला वळवलेला असतो, आत येणारं पाणी अडवायला नाही. म्हणजे एकच बंद टोपी गरम असताना तेल बाहेर ढकलत होती आणि भिजताना पाणी आत घेत होती. तेलात पाणी मिसळलं की दात आणि बेअरिंग दोन्ही गंजतात. तीनच आठवड्यांचं तेल होतं ते, पण फेकावं लागलं.

तेल मोजलं तेव्हा दुसरी गोष्ट कळली. गाडीच्या पुस्तकात दीड लिटर लिहिलं आहे. ट्रेमध्ये जवळजवळ दोन लिटर होतं, काही गळून गेल्यावरसुद्धा. थोडं पाणी धरा, तरी जास्तच. कारण मी आधी सांगितलं तेच. गाडी एका बाजूने जॅकवर असताना तेल भरलं की ते खालच्या बाजूच्या पाइपमध्ये जाऊन बसतं, भोकाशी पातळी दिसायला वेळ लागतो, आणि माणूस भरत राहतो. गाडी खाली आली की ते जादा तेल दोन्ही टोकांना सीलवर उभं राहतं. पातळी बघायची ती चारी चाकं सपाट जमिनीवर असताना, भोकाच्या खालच्या काठापर्यंत, करंगळीचं टोक आत घालून तेल लागलं की पुरे.

मग एक्सल. ड्रम काढण्याआधी मामांनी चाक वर-खाली धरून हलवायला लावलं, वरचा हात आत, खालचा बाहेर. डावीकडे बारीक टकटक जाणवली, उजवीकडे नाही. बेअरिंग सैल झालं होतं. या प्रकारच्या गाडीत चाकाचा भार एक्सलच्या दांड्यावरच येतो आणि तो दांडा टोकाशी एकाच बेअरिंगने धरलेला असतो. बेअरिंग सैल असेल तर दांडा फिरताना थोडा झोकांड्या खातो, ओठाला एका बाजूने दाबतो आणि दुसऱ्या बाजूने सोडतो. वर आधीच्या सीलमधून आलेल्या तेलाने बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेलं होतं. म्हणजे सील गेलं म्हणून बेअरिंग गेलं, आणि बेअरिंग गेलं म्हणून नवं सील टिकेना. आधी कोण गेलं, हे आता सांगता येणार नाही.

"डावीकडंच का?" मी विचारलं. मामांनी रस्त्याकडे बोट केलं. आपण डावीकडून चालवतो, आपले रस्ते मधून उंच आणि कडेला उतरते. गाडी जन्मभर थोडी डावीकडे कललेली चालते, तेल तिकडे जास्त राहतं. समोरून एसटी आली की साइडपट्टीवर उतरतं तेही डावंच चाक. खड्डा तेच खातं.

ड्रममागच्या पत्र्याचे, म्हणजे बॅकप्लेटचे, चार बोल्ट काढून, सरकत्या वजनाच्या ओढणीने एक्सल बाहेर आला. मामांनी तो फडक्याने पुसला, उजेडात धरला आणि माझं बोट घेऊन एका जागी ठेवलं. "नख फिरवा." नख अडकलं. सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे दांड्याला गोल चर पडली होती. रबर लोखंडाला कापतं, हे ऐकायला खरं वाटत नाही. पण ओठाखाली धुळीचे बारीक कण अडकतात आणि सोळा वर्षं एकाच रेषेवर घासत राहतात. गुळगुळीत दांड्यासाठी केलेला ओठ त्या चरीत नीट बसत नाही. दुसऱ्या गॅरेजने नवं सील त्याच जुन्या चरीवर बसवलं होतं. शिवाय हातोडीने ठोकल्यामुळे पत्रा एका बाजूला चेपलेला होता आणि सील किंचित तिरकं बसलं होतं. ओठावर एक उभी चीरही होती. एक्सल आत ढकलताना त्याचं वजन ओठावर टाकलं की टोकाचे दाते ओठ कापतात.

चरीवर तीन उपाय असतात असं मामांनी सांगितलं. एक, सील दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवायचं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. आमच्या हौसिंगमध्ये सीलच्या मागे पायरी आहे, आत सरकायला जागा नाही. दोन, नवा एक्सल, जो महाग आणि या मॉडेलला आता लवकर मिळत नाही. तीन, पातळ स्टीलची स्लीव्ह, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची, जी दांड्यावर दाबून बसवतात आणि ओठ तिच्यावर फिरतो. इतकी पातळ, की सीलचं माप बदलावं लागत नाही. मी स्लीव्ह निवडली. ती पुण्याहून यायला दोन दिवस लागले. मी गाडी मामांकडे ठेवली आणि एसटीने शाळेत गेले.

सील मी स्वतः दुकानातून आणलं. सीलच्या पत्र्यावर तीन आकडे कोरलेले असतात. आमच्यावर ४०, ६८, १० होते. पहिला दांड्याचा व्यास, दुसरा हौसिंगच्या भोकाचा, तिसरा जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. दुकानदारांनी विचारलं, "डावं पाहिजे का उजवं?" काही गाड्यांच्या सीलना ओठावर तिरप्या बारीक रेघा असतात, त्या फिरणाऱ्या दांड्याबरोबर तेल आत ढकलतात. दांडा एका बाजूने बघितला तर घड्याळाप्रमाणे फिरतो आणि दुसऱ्या बाजूने उलटा, म्हणून तशी सीलं डावी-उजवी वेगळी असतात. बाण कोरलेला असतो. आमच्या सीलना तसं नव्हतं, पण विचारल्याबद्दल मला बरं वाटलं. मी दोन घेतली. एकाच हौसिंगवर दोन्ही सीलनी सारखाच दाब सोसला होता, उजवीकडचं वाट बघत थांबलेलं असणार.

बेअरिंग बदलण्याचं काम लेथवाल्यांकडे झालं आणि ते बघण्यासारखं होतं. बेअरिंगच्या मागे एक लोखंडी कॉलर घट्ट चढवलेली असते, तीच एक्सलला आत धरून ठेवते. ती काढताना छिन्नीने चीर देऊन फोडतात आणि परत कधीच वापरत नाहीत. नवी कॉलर प्रेसवर चढवतात. ती ढिली बसली तर चाकासकट एक्सल बाहेर येऊ शकतो, म्हणून हे काम अंदाजाने करायचं नाही. लेथवाल्यांनी प्रेसखाली घेण्याआधी मामांच्या भाच्याला दोनदा विचारलं, "प्लेट घातली का?" चार बोल्टांची ती प्लेट आधी दांड्यावर घालावी लागते. विसरली तर नवं बेअरिंग आणि नवी कॉलर दोन्ही फोडून पुन्हा पहिल्यापासून.

सील मामांनी स्वतः बसवलं. थरथरणारे हात त्या दहा मिनिटांत थरथरले नाहीत. हौसिंगची जागा आधी कोरडी पुसली, आतली बर, म्हणजे धातूची बारीक खरखरीत कड, पोलिश पेपरने काढली. ओठाला बोटाने गिअर ऑइल लावलं. कोरडा ओठ पहिल्या काही किलोमीटरमध्येच जळतो. स्प्रिंग असलेली बाजू आत, तेलाकडे. मग जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी सीलवर सपाट ठेवली आणि तिच्यावर हलके ठोके दिले. सगळीकडून सारखं आत जाईपर्यंत. प्रत्येक ठोक्याचा आवाज वेगळा येत होता, आणि पायरीला टेकल्यावर तो एकदम भरीव झाला. "आता थांबायचं," म्हणाले. एक्सल आत घालताना भाच्याने तो खालून दोन्ही हातांवर उचलून धरला, दाते ओठाला न लागता पार जाईपर्यंत. मला आमच्या गावातल्या बाळंतपणाला येणाऱ्या आजींचे हात आठवले.

लायनरबद्दल मामा कडक होते. जाळलेले लायनर त्यांनी हातात घेतले, वास घेतला आणि बाजूला टाकले. लायनर तेल पितो. वरचं जळतं, आतलं राहतं, आणि पुढच्या घाटात ड्रम तापला की ते परत वर येतं. ड्रम बिडाचा, तो धुऊन चालतो. लायनर दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे, एकाच बाजूचे नाहीत, नाहीतर ब्रेक एका बाजूला ओढतो. ड्रममधली काळी धूळ भाचा हवेच्या पाइपने उडवायला निघाला, तेव्हा मामांनी त्याला थांबवून ओल्या फडक्याने पुसायला लावली. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ छातीत जाऊ द्यायची नाही. स्वतः ते कितीतरी वर्षं तीच धूळ उडवत आले होते, असं त्यांनीच सांगितलं. ते सांगताना भाच्याकडे बघत होते.

ब्रीदरची टोपी काढून तिथे त्यांनी एक रबरी नळी बसवली. ती चॅसिसच्या कडेने वर नेऊन, मागच्या सीटच्या उंचीला, तोंड खाली वळवून बांधली. आता गाडी फरशीवर पाण्यात उतरली तरी हौसिंग श्वास वरूनच घेईल. तेल ८० डब्ल्यू ९० दाटपणाचं, जीएल ५ दर्जाचं, दीड लिटर, चारी चाकं जमिनीवर असताना.

खर्च सांगते, कारण असं काम निघालं की सगळ्यात आधी तोच प्रश्न पडतो. दोन सील ३२०, बेअरिंग आणि कॉलर मिळून १,१००, स्लीव्ह १,६००, लायनरचा सेट ८५०, तेल ७००, लेथ आणि प्रेस ३००, मजुरी १,५००. एकूण ६,३७०. त्याआधी वाया गेलेले २,०५० वेगळे. यातलं सील एकशे साठ रुपयांचं. दोन्ही आधीच्या गॅरेजवर माझा राग नाही. त्यांनी गळणारी वस्तू बदलली. ती का गळते ते विचारायला त्यांच्याकडे वेळ नव्हता, आणि मीही तो मागितला नव्हता.

शाळेतल्या एका सहकारी बाईंची छोटी गाडी आहे, पुढच्या चाकांवर ओढणारी. माझी कथा ऐकून ऑगस्टमध्ये त्या घाबरून आल्या, की त्यांच्याही पुढच्या चाकाच्या आत काळं लागलंय, एक्सल सीलच असणार. बघितलं तर रिमच्या आतल्या बाजूला जाड काळं ग्रीस गोल शिंतोडल्यासारखं उडालेलं होतं, वास नाही, ओघळ नाही. ते सील नव्हतं, चाकाजवळच्या सांध्यावरचा रबरी बूट फाटला होता. तशा गाड्यांत एक्सलचं सील गिअरबॉक्समध्ये असतं. ते गळलं तर तेल चाकाशी न येता मधे, गिअरबॉक्सच्या बाजूने खाली ओघळतं. त्या दुरुस्तीला बूट आणि ग्रीस एवढंच लागलं. पण बूट फाटलेला ठेवून आणखी महिनाभर चिखलातून चालवली असती, तर सांधाच गेला असता.

माझ्या गाडीचे नवे लायनर बसायला दोनेकशे किलोमीटर गेले. तोवर मी घाटात गेले नाही आणि ब्रेक हलकाच वापरला. मामांनी सांगितल्याप्रमाणे हजार किलोमीटरनंतर, ऑक्टोबरमध्ये, परत कराडला जाऊन पातळी बघून घेतली. करंगळीला तेल लागलं, स्वच्छ, मधासारखं. डाव्या टायरच्या आतून बोट फिरवलं तर नुसती धूळ आली. परतताना मुद्दाम हेळवाकपर्यंत पुढे गेले, त्याच टपरीपाशी, त्याच उतारावर थांबले. हँडब्रेक चौथ्या खटक्यावर धरला. गाडी हलली नाही. तरी टपरीवाल्या दादांनी सवयीने दगड आणून लावलाच, आणि मी तो राहू दिला.

पुढच्या मे महिन्यात गाडीचं पोट रंगवायला दिलं तेव्हा मी आधी स्वतः खाली गेले, नळीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली, आणि काम झाल्यावर ती सोडून, नळीत फुंकर घालून हवा पार जाते ना ते बघितलं.